पत्रातले हरवलेले हसू

पत्र हाती आले की मजकूर वाचण्यापूर्वी त्याच्या माथ्याकडे पाहावे, ही सवय मला माझ्या वडिलांनी लावली. पोस्टमन आमच्या सोप्यावर कार्ड ठेवून गेला की वडील ते उचलीत आणि चष्मा शोधण्याआधीच हातभर अंतरावर धरून वर नजर टाकीत. माथ्यावर श्रीकार दिसला की त्यांच्या कपाळावरची आठी मोडे. मग सावकाश चष्मा, मग झोपाळा, मग मजकूर. श्रीकार नसला किंवा कार्डाचा कोपरा फाडलेला असला, तर ते अंगणातच उभे राहत. तसले कार्ड उंबरा ओलांडून आमच्या घरात कधी आले नाही. ते वाचून तिथेच फाडले जाई आणि वडील विहिरीवर स्नान करूनच आत येत. आई तोवर चुलीपुढून उठून दारात येऊन उभी असे. काय झाले हे तिला विचारावे लागत नसे. कोण गेले एवढेच ती विचारी.

पत्राची ही चिन्हे किती थोडी आणि किती बोलकी होती! लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना लागलेले कुंकू, आईवडिलांसाठी 'तीर्थरूप' आणि इतर वडीलधाऱ्यांसाठी 'तीर्थस्वरूप', धाकट्यांसाठी 'चिरंजीव', शेवटी 'हे विनंती'. शब्दांनी काही सांगण्यापूर्वी ती चिन्हे लिहिणाऱ्याचा चेहरा वाचणाऱ्यापुढे उभा करीत. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' अशी मुद्रा उमटे. पत्राची मर्यादा येथे संपली, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, असा तिचा अर्थ. पत्र कोठे सुरू झाले, कोणत्या भावाने लिहिले आणि कोठे संपले, हे सारे संकेताने ठरलेले असे. त्या संकेतांची किंमत मला उतारवयात कळली, आणि ती एका रोमन अक्षराने शिकवली.

माझे वडील बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, नोकरीच्या निमित्ताने बेळगावला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. मी मागे फोंडे महालात राहिलो. घर, कुळागर आणि ग्रामदेवतेची सेवा यांत माझे आयुष्य गेले. घाटाच्या वर एक भाऊ आणि घाटाखाली दुसरा, यांना जोडणारे दोनच दुवे होते. एक पत्र आणि दुसरी माघातली जत्रा. त्या रात्री देवीची पालखी देवळाबाहेर निघते, तेव्हा पुढच्या दांड्याला दादाचा खांदा आणि मागच्या दांड्याला माझा, असा आमचा चाळीस वर्षांचा परिपाठ. दादा माझ्यापेक्षा उंच. त्यामुळे पालखी किंचित मागे कलत असे आणि भार माझ्यावर जास्त पडे. "धाकट्यान चड भार घेवचो न्हय," असे म्हणून दादा दरवर्षी पुढे थोडा वाकून चाले.

गोव्यातल्या आमच्यासारख्या घरांची एक मौज आहे. आम्ही बोलतो कोंकणीत आणि पत्र लिहितो मराठीत. थट्टा, राग, माया, कुरबूर सारे कोंकणीत; परंतु लेखणी हाती घेतली की जीभ पाटावर बसल्यासारखी सावरून बसते. घरात मी दादाला 'तूं' म्हणतो, पत्रात 'आपण' लिहितो. तीर्थस्वरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार वगैरे लिहून झाले की माझे मलाच आपण कोणी सभ्य गृहस्थ असल्यासारखे वाटू लागते. यात काही वाईट नाही. मात्र या रीतीत आवाज मागे राहतो. घरात ज्या वाक्याला सारे खो खो हसतील, तेच मराठीत उतरून बेळगावहून फोंड्याला आले की गंभीर होऊन येते.

पुढे कार्डे गेली आणि ई-मेल आली. पुतण्याने दादाला संगणक शिकवला आणि माझ्या मुलाने मला. दादाने सत्तरी ओलांडल्यावर देवनागरी टंकलेखन आत्मसात केले. त्याच्या पत्रांच्या माथ्यावरचा श्रीकार तेवढा पूर्वीसारखाच राहिला. त्याशिवाय मजकूर कसा सुरू होतो, हे त्याला ठाऊकच नव्हते.

२०१४ सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. त्या वर्षी पावसाने आमच्या घराची कौले फुटली होती. दादाला कळवून, त्याची वाट पाहून काम करायचे तर दिवाळी गेली असती. म्हणून मी सुतार-गवंडी बोलावून काम उरकून घेतले आणि मग त्याला लिहिले. चार दिवसांनी उत्तर आले. क्षेमकुशल, वहिनीचा सांधेदुखीचा त्रास, नातवाची परीक्षा, आणि शेवटी हे वाक्य : "घराची कौले माझ्यावाचून बसली, हे उत्तमच झाले. आता देवीच्या पालखीलाही आमच्या खांद्याची गरज उरली नसेल." पूर्णविरामानंतर थोडी मोकळी जागा होती आणि तिच्यात रोमन लिपीतले 'जे' हे अक्षर एकटेच उभे होते.

त्या अक्षराकडे मी लक्षही दिले नाही. म्हाताऱ्या बोटांनी चुकून दाबलेली कळ, एवढेच वाटले. मात्र ते वाक्य मला लागले. चाळीस वर्षे ज्या घराची राखण केली, त्याची चार कौले बदलण्यासाठी परवानगी मागायला हवी होती काय? मी संगणकापुढे बसलो आणि दोन ओळी लिहिल्या : "आपले पत्र पावले. जत्रेविषयी आपल्या इच्छेप्रमाणे व्हावे." खाली 'हे विनंती'. कोणाही तिऱ्हाइताने त्या ओळी वाचल्या असत्या तर धाकट्या भावाची नम्रता वाखाणली असती. आपण मराठी माणसे रागावलो की अधिक आदराने लिहितो, हे मात्र दादाला पुरते ठाऊक होते.

दादा त्या माघात आला नाही. पालखीचा पुढचा दांडा शेजारच्या वाड्यावरच्या एका तरुणाने घेतला. तो माझ्याच उंचीचा होता. पालखी अगदी समतोल चालली. माझ्यावर त्या रात्री भार कमी पडला, आणि त्या रात्रीइतके जड मी आयुष्यात काही वाहिलेले नाही.

पुढे सहा-सात महिने आमचा पत्रव्यवहार थांबला. भाद्रपदात चवथीला मात्र घर रिकामे राहत नाही. दादाच्या वतीने पुतण्या आला. माटोळी बांधून झाली, गणपती बसला, आणि दुपारी तो माझ्या संगणकावर काही बघत असता त्याने सहज विचारले, "काका, बाबांच्या पत्राला तुम्ही असे तोडून का लिहिलेत? ते कितीतरी दिवस गप्प होते." मी काही न बोलता दादाचे ते पत्र उघडून त्याच्यापुढे धरले. त्याने शेवटची ओळ वाचली, त्या एकाकी 'जे'कडे पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. "काका, हे 'जे' नव्हे. हे हसू आहे!"

मग त्याने जे समजावून सांगितले, ते मी येथे माझ्या कुवतीप्रमाणे मांडतो. संगणकावर लिहिताना हसू दाखवायचे असेल, तर आधी अपूर्णविराम, मग संयोगचिन्ह आणि मग उजवा कंस टंकायचा. मान डाव्या खांद्याकडे कलती करून पाहिले की दोन डोळे, नाक आणि हसरे ओठ दिसतात. दादाला हे त्यानेच शिकवले होते. परंतु दादाच्या संगणकावरील टपालाची प्रणाली अधिक हुशार निघाली. ही तीन चिन्हे उमटताच ती आपण होऊन त्यांच्या जागी एक गोल हसरा चेहरा बसवी. तो चेहरा ती आणी 'विंगडिंग्ज' नावाच्या एका टंकातून. १९९० च्या सुमारास निघालेल्या या टंकात अक्षरेच नाहीत, सारी चित्रे आहेत. 'जे'च्या कळेवर हसरा चेहरा, 'के'च्या कळेवर ओठ मिटलेला, 'एल'च्या कळेवर रडवा. दादाच्या पडद्यावर ते हसू होते. पण वाटेने जाताना मुळात गेले ते 'जे' हे अक्षर, आणि सोबत 'याला विंगडिंग्जचा वेष चढवा' एवढी सूचना. माझ्या संगणकाने ती सूचना मानली नाही. वेष गळून पडला आणि आतले उघडे अक्षर माझ्यापुढे उभे राहिले.

बेळगावला दादा हसला होता. ते हसू वाटेत कोठेतरी सांडले आणि माझ्या दारात नुसता टोमणा येऊन पोहोचला.

या तीन चिन्हांची जन्मकथा मी मागाहून वाचली, तेव्हा दैवाच्या विनोदबुद्धीचे नवल वाटले. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी कार्नेगी मेलन विद्यापीठ आहे. तेथील संगणकशास्त्राची मंडळी १९८२ साली एका सामाईक सूचनाफलकावर परस्परांना लिहीत. एकदा कोणी तरी थट्टेने लिहिले की एका उद्वाहकात पारा सांडून तो दूषित झाला आहे. ती थट्टा आहे हे न कळून काहींनी ती खरीच धोक्याची सूचना मानली. तेव्हा थट्टेला काही खूण असावी, अशी चर्चा सुरू झाली, आणि १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी सुचवले की थट्टेच्या वाक्यापुढे ही तीन चिन्हे लिहावीत. कंस उलटा केला की ती थट्टा नव्हे असे समजावे. मूळ मजकूर पुढे हरवला होता. २००२ साली जुन्या फितींतून तो शोधून काढण्यात आला. थट्टा कोणी खरी मानू नये, एवढ्याचसाठी जे चिन्ह जन्माला आले, तेच दोन भावांमध्ये वेष पालटून आले आणि थट्टा खरी मानली गेली.

त्या दुपारी मी बेळगावला दूरध्वनी लावला. मराठीत काय बोलावे हे सुचेना, म्हणून कोंकणीत म्हणालो, "दादा, तुजें हांसप म्हाका आज पावलें."

पलीकडे क्षणभर शांतता. मग पुतण्याकडून सारी हकीकत ऐकल्यावर दादा मोठ्याने हसला. "पिशा! हांव हांसतालों रे!" आणि थोडे थांबून त्याने हलकेच विचारले, "आनी तुजी ती चीट? तीय हांसत बरयल्ली?"

मला उत्तर देता आले नाही. त्याच्या पत्रातले हसू वाटेत हरवले होते. माझ्या पत्रात हरवण्यासारखे हसूच नव्हते. चूक यंत्राची म्हणून मी सुटलो असे वाटत होते, तोच त्या प्रश्नाने मला पुन्हा उभे केले. एका अक्षराने गैरसमज केला हे खरे. पण चाळीस वर्षे ज्याच्याबरोबर पालखी वाहिली, त्याच्या एका वाक्याचा वाईट अर्थ घेण्याआधी मी एकदा विचारून पाहू शकलो असतो. ते काम कोणत्याही यंत्राने अडवले नव्हते.

पुढच्या माघात दादा आला. तोवर त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. मोटारीतून उतरून अग्रशाळेच्या ओट्यावर खुर्चीत बसून त्याने पालखी पाहिली. पालखी समोर आली तेव्हा त्याने बसल्या जागी खांदा किंचित पुढे वाकवला. ते माझ्याखेरीज कोणाच्या लक्षात आले नसेल. आम्ही दोघांनी मिळून खांदा देण्याचे एकच वर्ष उरले होते, आणि ते मी दवडले होते.

तेव्हापासून ही चिन्हे मी फार बारकाईने पाहतो. आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. १९९९ साली शिगेताका कुरिता यांनी जपानमधील एका दूरध्वनी सेवेसाठी १७६ चिमुकली चित्रे आखली. बारा गुणिले बारा ठिपक्यांच्या चौकटीत एकेक चित्र. २०१६ साली ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतली. 'इमोजी' हा शब्दही जपानी. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. २०१० साली अशी शेकडो चित्रे युनिकोड या जागतिक वर्णसंहितेत दाखल झाली. या संहितेत प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला त्याचा स्वतःचा क्रमांक मिळतो. आपले 'अ' आणि 'ॐ' तिथे आधीपासूनच होते. आता या नव्या हसऱ्या चेहऱ्यांनाही त्यांचे क्रमांक मिळाले, आणि दुसऱ्या अक्षराचा वेष घेण्याची त्यांना गरज उरली नाही. जोडलेले हातही २०१० सालचेच. तिबेटी लिपीच्या विभागात स्वस्तिक २००९ साली आले, आणि २०१९ साली शिखराचे हिंदू देऊळ व तेवती पणती यांनाही जागा मिळाली. आज नव्या विंडोज संगणकावर विंडोजची कळ दाबून धरून पूर्णविरामाची कळ दाबली की या चित्रांचे सारे भांडार उघडते. आमच्या देवस्थानाची आमंत्रणे ई-मेलने पाठवण्याचे काम हल्ली माझ्याकडे असते. त्यांच्या माथ्यावर मी श्रीकार घालतो आणि खाली एक पणती ठेवतो. ती आता वाटेत विझत नाही.

चित्र सुखरूप पोहोचते. अर्थ पोहोचतोच असे नाही. जोडलेले हात आपल्याकडे नमस्कार सांगतात. जपानात ते विनंतीचे, क्षमेचे किंवा आभाराचेही असतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका वयोवृद्ध महाजनांच्या निधनाची वार्ता मी सर्वांना कळवली. परगावच्या एका सज्जनांचे उत्तर आले. त्यात शब्द एकही नव्हता. होते ते ओळीने तीन चेहरे, डोळ्यांतून पाण्याच्या धारा वाहणारे. मी चष्मा पुसून पाहिले तो ते तिन्ही चेहरे हसत होते! हसता हसता डोळ्यांत पाणी यावे, असा तो चेहरा. आनंदाश्रू हेच त्याचे नाव, आणि ऑक्सफर्डच्या कोशकारांनी तो २०१५ सालचा 'शब्द' म्हणून निवडला होता. त्या सज्जनांच्या मंद दृष्टीला अश्रू तेवढे दिसले, ओठ दिसले नाहीत. पूर्वीचा मी असतो तर संतापलो असतो. या वेळी मी त्यांना दूरध्वनी केला. ते गहिवरून बोलले. मृताच्या घरी मी ते चेहरे पाठवले नाहीत. त्या सज्जनांना अतिशय दुःख झाले आहे, एवढे शब्दांत लिहून कळवले.

आमच्या देवळांतून कौल लावण्याची प्रथा वाचकांच्या परिचयाची आहे. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पाकळीसारखे मुके आणि चिमुकले चिन्ह दुसरे नसेल, तरी तिच्या पडण्यावर घरची लग्नकार्येसुद्धा ठरतात. असे का? तर पाकळी लावण्यापूर्वी गाऱ्हाणे घातलेले असते. काय विचारायचे आहे, कोणत्या बाजूचा अर्थ काय, हे देवापुढे स्पष्ट शब्दांत बोलून झालेले असते. आधी शब्द, मग चिन्ह. गाऱ्हाण्यावाचून पडलेली पाकळी ही नुसती गळलेली पाकळी.

पत्रातल्या चिन्हांचाही न्याय हाच आहे, असे मला वाटते. ती वापरू नयेत असे मी म्हणणार नाही. माझे वडील श्रीकारावाचून पत्र वाचत नसत, त्यांचा मुलगा मी. फक्त वाक्य असे लिहावे की चिन्ह गळून पडले तरी माया शिल्लक राहावी. आणि कोणाच्या वाक्यात माया दिसली नाही, तर ती वाटेत गळली असेल, असे धरून एकदा विचारावे.

दादा आता ब्याऐंशी वर्षांचा आहे. तो अजून ई-मेल लिहितो. संगणकावरच्या चेहऱ्यांवर त्याने मात्र कायमचा बहिष्कार घातला आहे. माथ्यावर श्रीकार, मग 'चिरंजीवास अनेक आशीर्वाद', मग स्वच्छ मराठीत मजकूर. त्यात माझी यथेच्छ थट्टा असते. आणि अगदी शेवटी, पूर्वी जिथे मोर्तब उमटत असे त्या जागी, तो दोन कोंकणी शब्द लिहितो : "हांसत बरयलां."